पदर अडकला असं मी लिहिलं

शाळेवर मनोरा हवा ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली ते मला पक्कं माहीत आहे, कारण त्या सभेचं इतिवृत्त मीच लिहीत होते. वर्ध्यापासून दहा मैलांवरचं, आंजीच्या पुढचं गाव. तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर होती, आणि चार एकर बरी कापसाची जमीन असलेल्या प्रत्येकाला आपली नागपूरला ओळख आहे असं वाटायचं. मी चोवीस वर्षांची, मुलींच्या वर्गाची शिक्षिका. शाळेची इमारत उभी करायला गावानं बांधकाम समिती नेमली होती. तिच्यात सात पुरुष आणि मी. मला घेतलं ते अक्षर चांगलं म्हणून. हे मला तोंडावर सांगितलं गेलं आणि मी त्याचा आनंद मानला. त्या वयात माणूस कशाचाही आनंद मानतो.

अध्यक्ष गावातले सर्वांत मोठे शेतकरी, शिवाय कापसाचे व्यापारी. सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं. आधी ठरलं होतं ते चार वर्ग आणि पुढं व्हरांडा, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर. पण शेजारच्या गावानं आपल्या शाळेवर गच्ची घातली, आणि मालकांची झोप उडाली. गच्चीला उत्तर म्हणून मनोरा. मनोऱ्यावर घड्याळ. घड्याळ कुठून येणार, त्याला चावी कोण देणार, गावात वेळ बघून काम करणारे किती, हे कुणी विचारलं नाही. सात माना डोलल्या. मी लिहिलं, ‘सर्वानुमते’. त्या सर्वांत मीही आले. घड्याळ पुढं कधीच आलं नाही. त्याच्यासाठी ठेवलेल्या गोल भोकात पारव्यांनी संसार थाटला, आणि त्या इमारतीचा तेवढाच भाग कुणाच्या तरी उपयोगी पडला असं मी आजही म्हणते.

काम ज्या मिस्तरीकडे होतं तो पुलगावचा. साठीला आलेला, कोरडा, कमी बोलणारा माणूस. तरुणपणी तो कुठल्याशा उंच भिंतीवरून पडला होता, आणि तेव्हापासून त्याचा डावा खांदा उजव्याच्या खाली उतरलेला होता. पाड बांधायचं काम तो दुसऱ्या कुणावर सोपवत नसे. पाड म्हणजे परांची, बल्ल्यांची, म्हणजे लाकडी वाशांची, आणि फळ्यांची, जिच्यावर उभं राहून गवंडी भिंत चढवतात. आणि रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बाया, विटांच्या आणि चुन्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन तिच्यावर चढतात. उभी बल्ली तो चांगली हातभर जमिनीत गाडायचा आणि भोवती दगड ठोकायचा. दोरीच्या प्रत्येक गाठीत लाकडाची पाचर मारायचा. फळ्यांची दोन्ही टोकं आवळून बांधायचा. आणि बाहेरच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, धरायला म्हणून एक आडवी बल्ली द्यायचा. सकाळी कुणी यायच्या आत एकटा वर जाऊन गाठ न् गाठ दाबून बघायचा. पहाटेच्या दवानं दोरी ओली होते आणि दुपारच्या उन्हानं ढिली पडते, असं त्यानं मला एकदा सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. रिकाम्या तासाला त्याचं काम बघत उभी होते, एवढंच.

मालकांना ही सगळी गंमत वाटायची. संध्याकाळी ते काम बघायला यायचे, मागं दोघंतिघं हांजी करणारे असायचेच. त्या कमरेएवढ्या बल्लीकडे काठी दाखवून एकदा ते म्हणाले, “मिस्तरी, शाळा बांधून राह्यले का लेकराचा पाळणा?” मागचे हसले. रेजा हसल्या नाहीत. त्यांच्यात एक होती, तिशीची, उंच, बाकीच्या जिच्यामागून चालायच्या. तिनं टोपली खाली ठेवली, मालकांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा टोपली भरायला घेतली. मिस्तरी पुढच्या गाठीत पाचर मारत राहिला.

मग नागपूरहून कळलं की सव्वीस जानेवारीला एक मंत्री उद्घाटनाला येणार. गाव वेडं झालं. मिस्तरीला बोलावून विचारलं तेव्हा तो म्हणाला, मनोऱ्याचा पाड बांधायलाच चार दिवस लागतील, आणि चुन्याला मंत्री कळत नाही, तो त्याच्या वेळेनंच सुकतो. मालकांनी वर्ध्याहून एक ठेकेदार शोधून आणला. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं आणि तो बोलताना ते सारखं बघायचा, त्यामुळे समितीला तो फार कर्तबगार वाटला. बारा दिवसांत मनोरा उभा करतो म्हणाला. मिस्तरीला कामावरून कमी करायचा ठराव झाला. पत्र मी लिहिलं, आणि त्याला वाचता येत नव्हतं म्हणून वाचून दाखवायलाही मलाच पाठवलं.

तो विटांच्या ढिगाजवळ बसून ऐकत होता. पत्रात त्याच्या दिरंगाईबद्दल नापसंती होती, मागच्या कामाबद्दल आभार होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, “दोर माहे आहेत. सोडून नेऊ का?”

मी मालकांना विचारून आले. नेऊ दे म्हणाले. व्हरांड्याच्या बाजूला तीन दिवस बांधलेला पाड त्यानं एका दुपारात सोडला, दोरांची वेटोळी केली, पाचरांची थैली भरली, आणि बैलबंडीत टाकून निघून गेला.  मी मात्र वर्गात जाऊन मुलींना शुद्धलेखन घातलं.

ठेकेदाराचा पाड एका दिवसात उभा राहिला, आणि मालकांनी चारचौघांत सांगितलं की काम याला म्हणतात. बल्ल्या गाडलेल्या नव्हत्या, नुसत्या विटांवर टेकवलेल्या होत्या. दोरी म्हणजे कापसाच्या गाठींवरून सुटलेली जुनी सुतळी. फळ्या वर ठेवलेल्या होत्या, जशा दुकानात ठेवतात तशा. धरायची आडवी बल्ली नव्हती, पाळणा नकोच होता कुणाला. पहिल्या दिवशी वर चढताना त्या उंच रेजेनं ठेकेदाराला विचारलं होतं की फळ्या बांधायच्या राहिल्या का. चढायचं तर चढ, म्हणाला, नाहीतर कापूस वेचायला जा. हे मी ऐकलं आहे, कारण माझा वर्ग समोरच्या चावडीच्या ओट्यावर भरायचा आणि तिथून सगळं दिसायचं, ऐकू यायचं.

पाचव्या दिवशी, शाळा भरून तासभर झाला असेल. ती वर टोपली रिकामी करून परत वळली. एका फळीचं टोक खालच्या आडव्या बल्लीच्या पुढं हातभर निघालेलं होतं. तिचा पाय नेमका त्या टोकावर पडला. दुसरं टोक वर उचललं गेलं. बांधलेलं नव्हतं, दुसरं काय होणार. फळी आणि ती, दोघी एकदम खाली आल्या. ती ओरडली नाही. विटांच्या तुकड्यांवर पडल्याचा आवाज तेवढा झाला, आणि माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली एकदम उभ्या राहिल्या.

मी धावत गेले. तिचा उजवा पाय मांडीतून असा वळला होता की बघवत नव्हता. शुद्धीवर होती. हातानं कमरेशी चाचपून बघत होती, आणि मला कळेना ती काय शोधते आहे. मग लक्षात आलं, लुगडं नीट आहे का ते बघत होती. नीटच होतं. कासोटा घट्ट, पदर कमरेला दोन वेढे देऊन खोचलेला, जसा रोज असायचा तसा.

मालकांची मोटार दारात उभी होती. पण तिच्या गाद्यांना मंत्र्यांसाठी नव्या खोळी शिवून घातल्या होत्या, आणि त्यांना चुना-रक्त लागलेलं कुणाला चाललं नसतं. म्हणून छकडा जुंपला. त्या छकड्यात गवत पसरून तिला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, दहा मैल, खडीच्या रस्त्यानं. तिचा नवरा बैलांच्या पुढं पायी चालत गेला, चाक खड्ड्यात जाऊ नये म्हणून.

त्याच संध्याकाळी मालकांच्या बैठकीत सभा झाली. सगळे हळहळले. हळहळायला काही लागत नाही. मग कारण काय लिहायचं यावर चर्चा झाली. ठेकेदार म्हणाला, बाया वर चढतात आणि पदराकडे लक्ष नसतं. समितीतच असलेल्या आमच्या हेडमास्तरांनी घसा साफ करून सांगितलं की स्त्रियांचा पेहराव उंचावरच्या कामास मुळातच अनुकूल नाही. बाकीच्यांनी ‘खरं आहे, खरं आहे’ केलं. नऊवारी नेसून जन्मभर टोपल्या वाहिलेल्या बाईनं पदर कसा सांभाळावा, हे ठेकेदार धरून आठ धोतरवाले एकमेकांना समजावून सांगत होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही स्वतःच्या धोतराचा सोगा जिन्यावर सांभाळता येत नसे. मालकांनी मजकूर सांगितला, ‘सदर मजूर बाईचा पदर अडकल्यामुळे तिचा तोल जाऊन अपघात घडला. समिती खेद व्यक्त करीत आहे.’

आणि मी लिहिलं. मी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. खोचलेला पदर बघितला होता, पुढं आलेलं टोक बघितलं होतं. तरी लिहिलं. वळणदार, मोत्यांसारखं. या सगळ्या हकिकतीत मला ज्यांची कीव येते त्यांत पहिली मीच.

रविवारी मी वर्ध्याला गेले. तिचा पाय वर टांगून ठेवला होता. चेहरा उतरला होता, पण बोलत होती. घरच्या म्हशीची धार कोण काढतं ते सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या तक्रारी सांगितल्या. मग म्हणाली, “सभा झाली म्हणते.”

झाली, म्हटलं.

“काय लिवलं?”

खोटं सांगता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं, ती वही तिला कोण दाखवणार होतं. पण मी जे लिहिलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. 

“बाई,” ती म्हणाली, “तुमी तं तिथंच होत्या.”

एवढंच. रागानं नाही, ओरडून नाही. मग पाणी मागितलं. मी दिलं आणि निघाले, आणि परतीच्या बसमध्ये बसल्यावर माझी जी काय अवस्था झाली ती इथं लिहीत नाही, कारण तिच्यानं कुणाचं हाड जुळलं नाही.

पुढच्या सभेत नेहमीप्रमाणे मागचं इतिवृत्त वाचायचं होतं. मी वाचलं, आणि शेवटी म्हटलं की यातलं पदराचं वाक्य खोटं आहे, फळी बांधलेली नव्हती, मी समोर होते. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी रागावलं नाही. मालक हसून म्हणाले, “बाई, तुम्हाले लिवाले बोलावलं हाय.” मी लेखणी वहीवर ठेवली आणि आता लिहिणार नाही म्हटलं. हेडमास्तरांनी ती उचलली आणि त्यांच्या गिचमिड अक्षरात पुढचा विषय लिहायला घेतला. माझ्या बंडाचा परिणाम तो इतकाच. समितीचं अक्षर बिघडलं.

काम थांबवलं ते रेजांनी. ती पडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी वेळेवर यायच्या, विटांच्या ढिगाजवळ ओळीनं बसायच्या आणि वर चढायच्या नाहीत. भांडण नाही, घोषणा नाही. विचारलं की म्हणायच्या, फळी हालते. ठेकेदारानं वर्ध्याहून दुसऱ्या बाया आणल्या. त्यांनी विहिरीवर पाणी पिताना या बायांशी दोन शब्द बोलून घेतले आणि त्याही येऊन शेजारी बसल्या. कापसाचा हंगाम होता, गडीमाणूस मिळत नव्हता. ठेकेदारानं आठवडाभर घड्याळ बघितलं आणि एक दिवस सायकल घेऊन गेला तो गेलाच. तेवढ्यात मंत्र्यांचा दौरा रद्द झाल्याची तार आली. अर्ध्या मनोऱ्याकडे बघत सगळी समिती चावडीसमोर उभी राहिली. असं उभं राहिलेलं त्यांना मी आधी बघितलं नव्हतं. काठ्यासुद्धा खाली होत्या.

मग पुलगावला माणूस गेला. मिस्तरी आला, त्याच बंडीत, तेच दोर घेऊन. ठेकेदाराच्या पाडाजवळ जाऊन त्यानं एक सुतळी बोटांत धरून ओढली. ती तुटून हातात आली. त्यानं ती फेकली नाही, मालकांच्या हातात दिली. मग पूर्ण पाड उतरवला आणि नवा बांधायला लागला. चार दिवस लागले. 

पाचव्या दिवशी सकाळी सगळे जमले तेव्हा त्यानं सांगितलं की रेजा आज चढतील, पण आधी समितीनं चढायचं.

मालकांना वाटलं तो थट्टा करतो. त्यानं पुन्हा सांगितलं. “सात झनं एकदम. वरच्या फळीवर उभं राहाचं. माह्या पाडाले सात मानसं काईच नाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “अन् बाई बी. लिवनारानं पाहाले पायजे वर काय असते ते.”

हेडमास्तरांना चक्कर येण्याची जुनी सवय आठवली. एकाला गुडघेदुखी आठवली. पण समोर पंधरा-वीस रेजा बसल्या होत्या, अर्धं गाव गोळा झालं होतं, आणि मालकांना मागं फिरता येईना. ते पुढं झाले. मालक चढले म्हटल्यावर गुडघे बरे झाले. हेडमास्तर तेवढे खालीच राहिले, त्यांची चक्कर खरी असावी. तसे आम्ही सातजणच वर गेलो.

खालून बघताना ती उंची काहीच वाटत नाही. वर गेल्यावर फळी पायाखाली थोडी दबते, शाबूत असली तरी दबते. मी शेवटी चढले. समोर मालक उभे होते, त्या कमरेएवढ्या आडव्या बल्लीला दोन्ही हातांनी कवटाळून. बोटं पांढरी पडली होती. दुरून त्यांचा कापूस दिसत होता, त्यांची मोटार दिसत होती, पण ते कशाकडेच बघत नव्हते, डोळे मिटून उभे होते. खालून मिस्तरी म्हणाला, “मालक, टोपली देऊ का डोक्यावर?” त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. खरंच विचारल्यासारखं विचारलं त्यानं. मालकांनी मान हलवली. नको.

त्यांना उतरवायला दोन गवंडी लागले. एकानं पाय धरून एकेका पायरीवर ठेवला.

मग रेजा उठल्या, पदर खोचले आणि टोपल्या उचलल्या.

मनोरा महिनाभरात झाला, आणि त्या पाडावरून कुणी पडलं नाही. उन्हाळ्यात कुणी एक अधिकारी येऊन उद्घाटन करून गेले. मालकांनी भाषणात सांगितलं की समितीनं प्रत्यक्ष परांचीवर उभं राहून काम करून घेतलं. टाळ्या पडल्या. मिस्तरीला बोलावणं नव्हतं. तो तोवर आर्वीकडे दुसऱ्या कामावर गेला होता. पडलेली ती रेजा तीन महिन्यांनी घरी आली, एक पाय आखूड होऊन. नंतर तिला कुणी बांधकामावर घेतलं नाही. सरकी निवडायला जायची. मी तिच्याकडे जात राहिले. ती मला चहा करून द्यायची आणि त्या दिवसाबद्दल बोलायची नाही. मलाही तिची क्षमा मागायला जमलं नाही. मागितली असती तर ती ‘असू द्या’ म्हणाली असती, आणि ते ऐकायला मी आलेय असं तिला वाटलं असतं. तिला ते बरोबरच वाटलं असतं.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली, हिंगणघाटच्या पलीकडे. कारण लिहिलेलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. तिथंही शाळेची एक खोली वाढवत होते. पहिल्याच आठवड्यात मला दिसलं की गवंडी सुट्या फळीवर उभा आहे. मी तिथल्या हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, ते ठेकेदाराचं काम, आपण मास्तर माणसं. मी सभा बोलवा म्हटलं नाही, अर्ज लिहिला नाही. अक्षराचा मला वीट आला होता. मधल्या सुट्टीत पदर कमरेला खोचला, शिडीवरून वर गेले आणि त्या फळीवर बसून राहिले. गवंडी म्हणाला, बाई, उतरा, काम करू द्या. मी म्हटलं, दोन्ही टोकं बांध, मग उतरते. खाली पोरी हसत होत्या, हेडमास्तर ओट्यावर येऊन आत जात होते, पुन्हा येत होते. ऊन चांगलंच होतं आणि डोक्यावर काही नव्हतं. सुट्टी संपल्यानंतर बऱ्याच वेळानं कुणीतरी दोरी घेऊन आलं.